उलटा वाडगा धरणारा घरचा चक

लाकडी वाडगा विकत घेताना जाणकार ग्राहक तो आधी उलटा करून पाहतो. काठाची गोलाई, आतील गुळगुळीतपणा आणि लाकडाच्या रेषांचे सौंदर्य कोणाच्याही नजरेत भरते. परंतु कारागिराने आपले काम कोठे थांबवले, हे बूड पाहिल्यावरच कळते. काही वाडग्यांच्या तळाशी लोखंडी जबड्यांचे वळ उमटलेले असतात. काहींच्या तळाची स्क्रूची छिद्रे लांबी भरून बुजवलेली असतात, तर काहींना बनातीचा गोल तुकडा चिकटवून ती छिद्रे झाकलेली असतात. वस्तू वापरायला वाईट नसते. मात्र शेवटचा हात तिच्यावरून फिरलेला नसतो. भेटवस्तू व गृहसजावटीच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांना हा फरक चांगला ठाऊक असतो, कारण एकाच आकाराच्या दोन वाडग्यांना मिळणाऱ्या किमतीत तो स्पष्ट उतरतो.

या उणिवेचे मूळ लेथच्या रचनेत आहे. लेथवर लाकूड फिरते आणि हत्यार कारागिराच्या हातात राहते. वाडग्याचा बाह्य आकार घडवताना व पोकळी कोरताना लाकूड बुडाकडून धरलेले असते. कधी फेसप्लेटला स्क्रूने जखडून, तर कधी बुडाशी राखलेला गोल उंचवटा चार जबड्यांच्या चकमध्ये आवळून. पोकळी पूर्ण झाली, की शिल्लक राहतो तो नेमका हाच पकडीतील भाग. तो कातायचा तर वाडगा उलटा करून काठाकडून धरावा लागतो. काठ हा वाडग्याचा सर्वांत पातळ आणि सर्वांत नाजूक भाग. तेथे लोखंडाचा जबडा लावला तर व्रण उठतो. पकड सैल राहिली तर वाडगा सुटतो.

सुटणे म्हणजे काय, हे आकड्यांत पाहणे उपयुक्त ठरेल. २० सें.मी. व्यासाचा वाडगा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या काठाचा वेग ताशी सुमारे ३८ किलोमीटर होतो. त्या वेगाने निसटलेला वाडगा भिंतीवर आदळून फुटतो, आणि वाटेत कारागिराचा चेहरा असेल तर इजा गंभीर होते. फेऱ्या निम्म्या केल्या, तर लाकडाला केंद्रापासून दूर ओढणारे बल एक चतुर्थांश राहते. म्हणून उलट्या वाडग्याचे काम नेहमी मंद गतीने, साधारणतः मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास, केले जाते.

जुन्या कारागिरीतील उत्तर

काठाला इजा न करता वस्तू धरण्याचा प्रश्न नवा नाही. लाखकाम करणारे कातारी लाकडाचे एक टोक पोकळ धारकात ठोकून बसवतात आणि केवळ घर्षणाच्या आधाराने ते फिरवतात. कर्नाटकातील चन्नपट्टणची आणि आपल्याकडील सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. घराघरांतील लाटणे, रवी, पोळपाट यांनाही लेथचाच हात लागलेला असतो.

जैन कुटुंबांना लेथवर घडलेल्या भांड्याचा आणखी एक परिचय आहे. श्वेतांबर परंपरेतील साधू-साध्वींच्या गोचरीची काष्ठपात्रे हलकी, पातळ आणि आतबाहेर गुळगुळीत असतात. आचारांग सूत्रात भोपळा, लाकूड आणि माती अशा तीन प्रकारच्या पात्रांचा उल्लेख आहे. रोज हाताळल्या व पुसल्या जाणाऱ्या अशा पात्राच्या बुडाशी खाच किंवा छिद्र राहिले, तर तेथे अन्नकण व ओल अडकते आणि स्वच्छता कठीण होते. बूड स्वच्छ कातणे ही केवळ शोभेची गोष्ट नाही, हे अशा पात्राकडे पाहून सहज लक्षात येते.

पकडीचे तीन प्रकार

उलटा वाडगा धरण्यासाठी बाजारात रबरी गुट्ट्या लावलेले मोठे जबडे मिळतात. निर्वात पंपाच्या साहाय्याने वाडगा ओढून धरणारी साधनेही आहेत. २० सें.मी. व्यासाच्या वाडग्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौ. सें.मी. असते, वातावरणाचा निम्मा दाब जरी मिळाला, तरी त्यावर सुमारे १६० किलो वजनाइतका भार पडतो. ही पकड उत्तम खरी, परंतु सच्छिद्र लाकडातून हवा गळते आणि फार पातळ वाडगा त्या भाराने तडकू शकतो. शिवाय पंपाचा खर्च असतोच. लहान कार्यशाळेला टाकाऊ लाकूड व प्लायवूड यांतून स्वतः बनवलेला चक पुरेसा होतो. त्याचे तीन प्रकार समजून घ्यावेत.

पहिला प्रकार सर्वांत सोपा. फेसप्लेटवर लाकडाचा ठोकळा बसवून त्याला वाडग्याच्या आतील पोकळीसारखा घुमटाकार द्यावा. त्यावर मऊ नमदा किंवा जाड कापड ठेवून वाडगा पालथा घालावा आणि समोरून टेलस्टॉकचे टोक बुडाच्या केंद्रावर दाबावे. या दोहोंच्या दाबात वाडगा फिरतो. टेलस्टॉकच्या टोकाखाली बोटभर जाडीची एक खुंटी तेवढी शेवटी उरते. ती लेथ थांबवून पटाशीने कापावी व हातानेच घासावी.

दुसरा प्रकार खाचेचा. ४ ते ५ सें.मी. जाडीच्या नरम लाकडाच्या चकतीत वाडग्याचा काठ घट्ट बसेल अशी गोल खाच कातावी. खाचेची भिंत आत जाताना किंचित निमुळती असावी. येथे घाई उपयोगाची नाही. दर वेळी केसभर लाकूड काढावे, लेथ थांबवावी, वाडगा लावून पाहावा. तळहाताच्या दाबाने काठ आत जावा आणि ओढल्यावर थोडा अडखळत बाहेर यावा, इतकी घट्ट बसणी हवी. खाच चुकून मोठी झाली, तर कागदाचा एक पदर मध्ये घालता येतो. फार सैल झाली, तर तिच्या आत नवी, खोल खाच कातून लहान व्यासाच्या वाडग्यासाठी तीच चकती वापरता येते.

तिसरा प्रकार कड्याचा. तो बनवायला एक दिवस लागतो, परंतु वेगवेगळ्या मापांच्या वाडग्यांना अनेक वर्षे उपयोगी पडतो. त्याची कृती येथे सविस्तर पाहू.

कड्याच्या चकची रचना

कल्पना साधी आहे. एक गोल तळफळी लेथवर फिरते. वाडग्याचा काठ तिच्यावर टेकतो. वरून दुसरी, मध्ये मोठे भोक असलेली फळी, म्हणजे कडे, वाडग्याच्या बाहेरील उतारावर बसते आणि बोल्टनी तळफळीकडे ओढली जाते. वाडगा दोन फळ्यांच्या मध्ये धरला जातो व त्याचे बूड कड्याच्या भोकातून कारागिरासमोर उघडे राहते. दाब एका बिंदूवर न पडता पूर्ण वर्तुळावर वाटला जातो, हे या रचनेचे सामर्थ्य.

२० सें.मी. व्यासाचा व ८ सें.मी. उंचीचा वाडगा डोळ्यांसमोर ठेवून मापे घेऊ. तळफळी व कडे, दोन्ही ३० सें.मी. व्यासाची आणि १८ मि.मी. जाडीच्या चांगल्या प्लायवूडची असावीत. ३० सें.मी.ची फळी फिरायची, तर लेथच्या स्पिंडलचे केंद्र खालच्या पाट्यापासून १५ सें.मी.हून अधिक उंच असले पाहिजे. काम सुरू करण्यापूर्वी हे मोजावे. उंची कमी असेल तर त्या प्रमाणात वाडगा व फळ्या लहान घ्याव्यात. फेसप्लेट विकत घेतानाही स्पिंडलचे आटे आधी पाहून घ्यावेत. १ इंचाला ८ आटे आणि एम ३३ × ३.५ ही दोन मापे पुष्कळ लेथांवर आढळतात, आणि एकाची प्लेट दुसऱ्यावर बसत नाही.

तळफळीच्या मागे मध्यभागी त्याच प्लायवूडची १५ सें.मी.ची चकती लाकूडकामाच्या डिंकाने चिकटवून रात्रभर दाबाखाली ठेवावी. जाडी दुप्पट झाल्याने फेसप्लेटचे स्क्रू पुरेसे खोल जातात आणि पुढच्या बाजूने बाहेर डोकावत नाहीत. नंतर तळफळी लेथवर चढवून तिचा कडेचा भाग कातून पूर्ण गोल करावा. ज्या स्पिंडलवर चक वापरायचा, त्याच स्पिंडलवर तो गोल झाल्याने त्याचे केंद्र आपोआप यंत्राच्या केंद्राशी जुळते. लेथ मंद फिरत असतानाच पेन्सिल टेकवून फळीवर दर १ सें.मी. अंतराने वर्तुळे काढून ठेवावीत. पुढे वाडगा मध्यावर आणताना हीच वर्तुळे वाट दाखवतात.

आता छिद्रांची जागा. केंद्रापासून १२.५ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढावे. कंपासचे माप न बदलता त्याच वर्तुळावर एकामागून एक खुणा करत गेल्यास बरोबर ६ खुणा समान अंतरावर येतात. कोणतेही गणित करावे लागत नाही. कड्याची फळी तळफळीवर घट्ट धरून दोहोंमधून एकदमच ८ मि.मी. बोल्टसाठी छिद्रे पाडावीत, म्हणजे ती तंतोतंत जुळतात. एका छिद्राजवळ दोन्ही फळ्यांवर ठळक खूण करावी व दर वेळी खुणेला खूण लावूनच कडे बसवावे.

कड्याचे भोक १२ सें.मी. व्यासाचे ठेवावे. बुडाचा उंचवटा त्यातून मोकळेपणाने बाहेर आला पाहिजे, पण वाडग्याची कूस त्यातून निसटता कामा नये. भोक जिगसॉने आखलेल्या रेषेच्या किंचित आतून कापावे. मग कडे तळफळीला बोल्टने सपाट जखडून लेथवर भोकाची कड साफ करावी आणि वाडग्याच्या उताराला जुळेल असा तिला तिरका छेद द्यावा. या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवावी. तळफळीवर जेथे काठ टेकतो, तेथे नमद्याचा किंवा पातळ रबराचा थर द्यावा.

या वाडग्यासाठी ११ ते १२ सें.मी. लांबीचे ६ बोल्ट पुरतात. बोल्टची डोकी कारागिराच्या बाजूला व नट तळफळीच्या मागे ठेवावेत. उलट केले, तर बोल्टची उघडी टोके समोर फिरत राहतात आणि बोटांना धोका संभवतो. मागे निघणारी टोके हेडस्टॉकला घासत नाहीत, याची हाताने एक पूर्ण फेरी देऊन खात्री करावी. पाखांचे नट सोयीचे वाटले तरी येथे टाळावेत. साधे नट व रुंद वॉशर उत्तम. कड्याच्या बाह्य कडेवर पांढरा किंवा पिवळा रंग द्यावा, म्हणजे फिरती कड नजरेला ठळक दिसते.

पुरेसा दाब

वाडगा बसवताना काठ पेन्सिलच्या योग्य वर्तुळाशी जुळवावा, कडे ठेवावे आणि सर्व बोल्ट प्रथम हातानेच लावावेत. मोटारीच्या चाकाचे नट आवळतात त्याप्रमाणे समोरासमोरच्या जोड्या घेऊन थोडे थोडे आवळत जावे. दोन फळ्यांमधील अंतर सहाही ठिकाणी पट्टीने मोजून सारखे करावे. मग हाताने फेरी देत बुडाजवळ पेन्सिल धरावी. वाडगा डगमगत असेल, तर ती एकाच बाजूला लागते. त्या बाजूचा बोल्ट जरा सैल करून तळहाताने हलका ठोका दिला, की केंद्र जुळते.

किती आवळावे, हा येथील खरा प्रश्न आहे. नवशिक्याला भीती वाटते ती वाडगा सुटण्याची, म्हणून तो पान्ह्याला शक्य तितका जोर देतो. पातळ काठ त्या दाबाखाली वाकतो. वाकलेल्या स्थितीत बूड सुबक कातले जाते, पण बोल्ट सोडताच लाकूड मूळ जागी येते आणि कातलेला पृष्ठभाग वेडावाकडा दिसू लागतो. काठावर बारीक तडाही जाऊ शकते; ती त्या दिवशी दिसत नाही, ग्राहकाच्या घरी पहिल्यांदा पाणी लागल्यावर उघडते. वाडगा दोन्ही हातांनी धरून फिरवण्याचा प्रयत्न केला आणि तो सरकला नाही, तर पकड पुरेशी झाली. उरलेली सुरक्षितता मंद गती, धारदार हत्यार व पातळ काप यांतून मिळवायची असते. बोथट हत्याराला लाकूड ढकलावे लागते; धारदार हत्यार ते सोलते, आणि पकडीवर भार कमी येतो. टेलस्टॉक पोहोचत असेल, तर शेवटच्या खुंटीपर्यंत त्याचा आधार काढू नये.

आणखी एक गोष्ट लाकडाच्या स्वभावाची आहे. सुकताना लाकूड सर्व दिशांना सारखे आकसत नाही. खोडाच्या वलयांच्या दिशेने होणारे आकुंचन केंद्राकडील दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. त्यामुळे काल गोल असलेला अर्धवट ओला वाडगा आज किंचित लंबगोल होतो. असा काठ खाचेच्या चकमध्ये दोनच ठिकाणी टेकतो आणि पकड फसवी ठरते. म्हणून वाडगा पूर्ण सुकलेल्या लाकडाचा असावा, आणि आतील काम व बुडाचे काम शक्यतो एकाच दिवशी उरकावे. लाकूड निवडताना बारीक भोके किंवा ताजा भुगा दिसणारा तुकडा बाजूला ठेवावा. त्यात जीव असतात, आणि पोखरलेले लाकूड फिरताना फुटण्याचीही भीती असते.

लेथजवळचे नियम

चेहऱ्यावर पूर्ण झाकणारी पारदर्शक ढाल व नाकावर धूळ अडवणारा मास्क असल्याशिवाय लेथ सुरू करू नये. साडीचा पदर, ओढणी, सैल बाही, गळ्यातील साखळी, मोकळे केस आणि हातमोजे यांपैकी काहीही फिरत्या कड्यात अडकू शकते. ३० सें.मी.च्या कड्याची कड मिनिटाला ५०० फेऱ्यांनाही ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने फिरत असते. लेथ सुरू करण्यापूर्वी गतीचे बटण सर्वांत खाली आणावे आणि सुरू करताना फिरणाऱ्या वस्तूच्या सरळ रेषेत उभे राहू नये. दर पाच-दहा मिनिटांनी थांबून बोल्ट तपासावेत, कारण रबर व नमदा दाबले जातात आणि पकड हळूहळू सैल होते. मुले पाहायला आली, तर त्यांनी यंत्राच्या बाजूला नव्हे, हेडस्टॉकच्या मागे बऱ्याच अंतरावर उभे राहावे.

बूड कातून, काचपेपरने घासून झाल्यावर त्याच पकडीत जवसाचे शुद्ध तेल चोळता येते. तेलात भिजलेली चिंधी मात्र चुरगाळून टोपलीत टाकू नये. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता निर्माण करते आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी.

विकत घ्यावे की बनवावे

ज्यांच्याकडे दररोज निरनिराळ्या मापांचे काम येते, त्यांनी बाजारातील समायोजनाचा चक घ्यावा. वाचलेल्या वेळातून त्याची किंमत निघते. एकाच मापाचे चाळीस-पन्नास वाडगे करणाऱ्याला खाचेची एक चकती अधिक वेगवान ठरते, कारण तीत बोल्टच नसतात. महिन्याला दोन-चार वाडगे घडवणाऱ्या घरगुती कार्यशाळेसाठी कड्याचा चक योग्य. भोकाची मापे वेगळी असलेली तीन-चार कडी करून ठेवली, की एकाच तळफळीवर लहान वाटीपासून मध्यम काठवटीपर्यंतचे काम निघते. प्रत्येक कड्यावर भोकाचा व्यास, बोल्टची लांबी आणि बनवल्याची तारीख लिहावी. प्लायवूडचे थर सुटू लागले किंवा छिद्रे मोठी झाली, की ते कडे मोडीत काढावे. ते डागडुजी करून वापरण्यात बचत नाही.

दुकानात माल घेणाऱ्यांनाही या माहितीचा उपयोग आहे. कारागिराकडून वाडगे घेताना चार-सहा नग उलटे करून पाहावेत. बूड किंचित आत वळलेले असेल, तर वाडगा टेबलावर न डुगडुगता बसतो. बनात चिकटवलेली असेल, तर तिच्याखाली काय आहे ते विचारावे. स्वच्छ कातलेल्या बुडासाठी कारागीर थोडे अधिक मागत असेल, तर ते द्यावे. त्या किमतीत त्याने वाडगा दुसऱ्यांदा लेथवर चढवल्याचे आणि काठाला धक्का न लावता तो धरून ठेवल्याचे श्रम असतात.